वाचलेलीची साक्ष

मराठीत 'वाचणं' या एका क्रियापदाला दोन अर्थ आहेत. आपण पुस्तक वाचतो, आणि जिवावरच्या प्रसंगातून माणूस वाचतो. रोजच्या बोलण्यात हे दोन अर्थ एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. नादिया मुराद या इराकमधल्या यझिदी तरुणीचं आत्मकथन हाती घेतलं की मात्र ते सतत एकमेकांत शिरतात. ती वाचली म्हणून आपल्याला हे वाचायला मिळतं आहे, हे पानोपानी आठवत राहतं. आणि त्यापाठोपाठ हेही आठवतं, की तिची आई आणि सहा भाऊ वाचले नाहीत.

२०१७ साली 'द लास्ट गर्ल' या नावाने हे आत्मकथन इंग्रजीत आलं. आयसिस या दहशतवादी संघटनेच्या गुलामगिरीत जे गुदरलं ते सोसणाऱ्या मुलींमधली मी शेवटची असावी, ही लिहिणारीची इच्छा त्या नावात आहे. पुढच्याच वर्षी कांगोतले डॉक्टर डेनिस मुकवेगे यांच्याबरोबर तिला शांततेचं नोबेल मिळालं, आणि आपल्याकडच्या बहुतेक वाचकांची तिच्याशी ओळख झाली ती त्या बातमीतून. माझी विनंती अशी, की ती बातमी क्षणभर बाजूला ठेवावी आणि पुस्तकात शिरावं ते कोचोच्या वाटेने.

कोचो हे उत्तर इराकमधलं, सिंजार डोंगराच्या दक्षिणेला सपाटीवर वसलेलं गाव. अख्खं गाव यझिदी, भोवतालची गावं सुन्नी अरबांची. शेती आणि मेंढ्या यांवर चालणारं जगणं. नादियाचा जन्म १९९३चा. आईच्या अकरा मुलांमधली ती सगळ्यांत धाकटी. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि आईने मुलांना घेऊन, शेतात राबून संसार ओढला. या मुलीला गाव सोडून कुठे जायचं नव्हतं. शाळा पुरी करावी, गावात स्वतःचं ब्युटी पार्लर काढावं, एवढंच तिच्या मनात होतं. लग्नांमधल्या नवऱ्या मुलींचे फोटो ती जमवायची. कुणाचे केस कसे बांधलेत, कुणी काय ल्यायलंय, हे पाहत बसायची.

पहिल्यांदा वाचताना मी ही पानं भरभर उलटली. पुढे काय घडणार हे माहीत होतं, आणि मन तिकडेच ओढ घेत होतं. दुसऱ्या वाचनात स्वतःच्या त्या घाईची लाज वाटली. आयसिसने काय केलं याची वर्णनं अहवालांतही सापडतात. कोचोच्या छपरांवर उन्हाळ्यात अंथरुणं कशी घातली जात, आई विनोद करून घरातली गरिबी कशी हलकी करायची, हे मात्र कुठल्याही अहवालात नाही. ते फक्त या मुलीला माहीत होतं आणि तिने ते लिहून ठेवलं. म्हणून सांगते, ही पानं सावकाश वाचा.

त्यातही एका शब्दापाशी थांबा. किरीव. यझिदी मुलाची सुंता होते तेव्हा तो ज्याच्या मांडीवर असतो, तो त्याचा किरीव. हा माणूस पुष्कळदा मुद्दाम शेजारच्या मुसलमान अरब कुटुंबातला निवडत. दोन धर्मांत लग्नसंबंध होऊ शकत नव्हते, म्हणून नातं जोडण्याची ही रीत काढलेली. आपल्याकडचा मानलेला भाऊ जसा, काहीसा तसाच हा संबंध, आणि तो दोन्ही घरांना पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवणारा. २०१४च्या ऑगस्टमध्ये कोचोला आयसिसचा वेढा पडला तेव्हा वेढा घालणाऱ्यांत आसपासच्या गावांतले लोकही होते. परक्या शत्रूने मारलं तर माणूस त्याला युद्ध म्हणू शकतो. ज्याच्या घरी जेवलो तो बंदूक घेऊन उभा राहिला तर त्याला काय म्हणायचं, हा प्रश्न पुस्तकभर कोचोच्या माणसांच्या तोंडी आहे.

यझिदी कोण, हे थोडं सांगायला हवं. त्यांचा देव एक. त्याने जग सात देवदूतांच्या हवाली केलं, आणि त्या सातांतला मुख्य तावुसी मलिक, मोराच्या रूपातला देवदूत. लालिश हे त्यांचं सर्वांत पवित्र स्थान; तिथे बाराव्या शतकातल्या शेख आदींची समाधी आहे. प्रार्थना सूर्याकडे तोंड करून. एप्रिलमध्ये येणाऱ्या 'लाल बुधवारी' नवं वर्ष सुरू होतं आणि घरोघर अंडी रंगवली जातात. समाजाचे शेख, पीर आणि मुरीद असे तीन वर्ग, आणि लग्नं आपापल्या वर्गातच. जन्माने जो यझिदी तोच यझिदी. बाहेरच्याला आत येता येत नाही, आणि बाहेर लग्न केलेल्याला परतता येत नाही. धर्माची स्तोत्रं लिखित ग्रंथात बांधलेली नव्हती. कव्वाल ती मुखोद्गत करून गावोगाव म्हणत फिरत.

या समाजाला जे भोगावं लागलं त्याची मुळं याच दोन गोष्टींत आहेत. मोराच्या रूपातल्या देवदूताला इतरांनी सैतान ठरवलं, आणि 'सैतानाचे पूजक' ही शिवी शतकानुशतकं यझिदींच्या पाठीशी लागली. दुसरं म्हणजे, ग्रंथ नसल्याने 'ग्रंथवाल्या' धर्मांना इस्लामी कायद्यात जी जागा आहे ती त्यांना कधी मिळाली नाही. जिझिया भरून जिवंत राहण्याचा पर्याय आयसिसने ख्रिस्त्यांपुढे निदान कागदावर ठेवला होता. यझिदींपुढे तोही नव्हता.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती आपल्याकडचीच आहे. यझिदींचं पितळी मोराचं प्रतीक आपल्या समईसारखं दिसतं, म्हणून ते 'मूळचे आपलेच' असं सांगणारे संदेश मोबाइलवरून फिरतात. समईशी असलेलं ते साम्य डोळ्यांना जाणवतं, हे खरं. पण एवढ्यावरून नातं सांगणं हा या लोकांवर आणखी एक हक्क गाजवण्याचा प्रकार आहे. ते आपले असले तरच त्यांचं दुःख आपल्याला समजणार, असं असेल तर हे पुस्तक मिटून ठेवलेलं बरं.

'फर्मान' हा शब्द मराठी माणसाला परका नाही. इतिहासाच्या कागदपत्रांत तो जागोजागी भेटतो, बादशहाची आज्ञा या अर्थाने. यझिदींच्या बोलीत त्याच शब्दाचा अर्थ कत्तल असा झाला. ऑटोमन काळात त्यांच्यावर चालून येण्याचे हुकूम इतक्या वेळा निघाले की हुकूम आणि संहार यांत फरक उरला नाही. ते फर्मानं मोजतात. २०१४चं कुणी त्र्याहत्तरावं म्हणतात, कुणी चौऱ्याहत्तरावं. त्याआधी १४ ऑगस्ट २००७ला सिंजारच्या दोन यझिदी वस्त्यांत स्फोटकांनी भरलेले ट्रक फुटले आणि शेकडो माणसं मेली होती. जगाने ती बातमी इराकमधल्या इतर स्फोटांच्या राशीत टाकून दिली.

१० जून २०१४ला मोसुल आयसिसच्या हाती पडलं. ३ ऑगस्टच्या पहाटे त्यांचे लोक सिंजारवर आले. रक्षणासाठी ठेवलेले कुर्दी पेशमर्गा, यझिदींना पुरती कल्पनाही न देता, मागे हटले. ज्यांना डोंगर गाठता आला ती हजारो माणसं उन्हात, पाण्यावाचून अडकून पडली; मुलं आणि म्हातारे तिथेच गेले. दोन दिवसांनी बगदादच्या संसदेत यझिदी खासदार वियान दाखील बोलायला उभ्या राहिल्या आणि बोलता बोलता कोसळल्या. ते दृश्य जगभर दिसलं. कोचो डोंगरापासून लांब, म्हणून तिथल्या लोकांना पळता आलं नाही. गाव बारा दिवस वेढ्यात राहिलं. धर्म सोडा, असं सांगितलं गेलं. गावाने सोडला नाही.

१५ ऑगस्टला सगळ्यांना शाळेत जमवण्यात आलं. बायका-मुलं वरच्या मजल्यावर, पुरुष खाली. पैसे, दागिने, फोन काढून घेतले. मग पुरुषांना गाडीत घालून गावाबाहेरच्या खड्ड्यांपाशी नेलं आणि गोळ्या घातल्या. प्रेतांखाली पडून राहिलेले मोजके काही जण जखमी अवस्थेत निसटले, म्हणून त्या खड्ड्यांवर काय झालं हे आज सांगता येतं. बायकांना सिंजारजवळच्या सोलागला नेलं. तिथे वय झालेल्या बायका वेगळ्या काढल्या आणि त्यांनाही मारलं. नादियाची आई त्यांत होती. मुलग्यांना हाती बंदूक देण्यासाठी छावण्यांत पाठवलं, मुलींना बसमध्ये बसवून मोसुलला. नादिया तेव्हा एकवीस वर्षांची होती.

यापुढचं बरंचसं मी इथे सांगणार नाही. ते तिने सांगितलं आहे, आणि तिच्याइतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कुणी सांगू नये. मी एका शब्दाबद्दल तेवढं बोलते. सबाया. युद्धात धरलेल्या गुलाम स्त्रिया, असा त्याचा अर्थ. जुन्या पोथ्यांत पडून राहिलेला हा शब्द आयसिसने काढून पुसून वापरात आणला. या बायकांशी काय करता येतं आणि काय नाही, याची प्रश्नोत्तरांची पत्रकं त्यांच्या फतवा विभागाने काढली. आपल्या इंग्रजी मासिकात गुलामगिरीच्या पुनरुज्जीवनाचं लेखी समर्थन छापलं. मुलींचे फोटो काढून त्यांची नोंद ठेवली, त्यांची खरेदी-विक्री झाली, करारांवर त्यांच्या न्यायालयांचे शिक्के पडले. नादियाला पहिल्यांदा ज्याने नेलं तो मोसुलमधला न्यायाधीश होता. लढाईच्या धुंदीत सैनिकांकडून घडलेला हा अत्याचार नव्हता. कचेरीत बसून, शाई-कागद वापरून, शांत डोक्याने तो चालवला गेला. खिडकीतून पळण्याचा तिचा पहिला प्रयत्न फसला तेव्हा तिला पहारेकऱ्यांच्या हवाली केलं गेलं, आणि तीही शिक्षा म्हणून, नियमात बसवून.

२०१४च्याच मे महिन्यात आपल्या कल्याणहून चार तरुण यात्रेकरूंच्या गटाबरोबर इराकला गेले आणि तिथून आयसिसकडे वळल्याच्या बातम्या आल्या. तेव्हा आपण त्यांच्या घरच्यांबद्दल बोललो, इंटरनेटबद्दल बोललो. ते ज्या बाजूला गेले त्या बाजूने कुणाला विकलं जात होतं, हे तेव्हाच्या चर्चेत फारसं कुठे नव्हतं. मोसुलमध्ये पकडलेल्या आणि पुढे बादूशच्या मातीत सापडलेल्या एकोणचाळीस भारतीय कामगारांचीही बातमी त्याच महिन्यांतली. सिंजार आपल्यापासून तेव्हाही तितकं दूर नव्हतं.

नादिया सुटली ती एका न लावलेल्या दारातून. मोसुलमधल्या ज्या घरात तिला ठेवलं होतं तिथलं दार एका संध्याकाळी उघडं राहिलं आणि ती बाहेर पडली. जो काळा अबाया आणि बुरखा तिच्यावर लादला होता त्यानेच रस्त्यात तिला झाकलं. अंधारात एका अनोळखी दारावर तिने थाप मारली. ते कुटुंब सुन्नी अरब होतं. त्यांनी तिला आत घेतलं, खोटं ओळखपत्र मिळवलं, आणि घरातला एक तरुण तिला बायको म्हणवून टॅक्सीने आयसिसच्या नाक्यांवरून पार घेऊन गेला. पकडला असता तर त्याचं मरण ठरलेलं होतं. पण याच कुटुंबाबद्दल कृतज्ञ असलेली नादिया एक प्रश्न सोडत नाही: त्या शहरात इतकी दारं होती, इतक्या लोकांच्या शेजारच्या घरांतून मुली कोंडलेल्या होत्या, मग बाकीची दारं का उघडली नाहीत? मला हे पुस्तक मोठं वाटतं ते अशा जागी. उपकार आणि आरोप ती एकाच वेळी मांडते, आणि एकासाठी दुसरा पुसत नाही.

आता आपल्या भाषेकडे येते. मराठी वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं 'अब्रू लुटली' असं छापलं. कायद्याच्या मराठीत 'विनयभंग' आहे. हे शब्द घेऊन नादियाची हकिकत सांगू लागलो तर पहिल्याच वाक्यात गुन्हेगाराच्या बाजूने साक्ष दिल्यासारखं होतं. कारण अब्रू तिची गेली, असं त्या शब्दाचं म्हणणं. ती कुठेही असं म्हणत नाही. लाज ज्यांनी वाटून घ्यायची त्यांची नावं ती सांगते, हुद्दे सांगते, घरं कुठल्या भागात होती ते सांगते. सध्या रुळलेला 'पीडिता' हा शब्दही मला इथे लहान वाटला. त्यात माणूस केवळ सोसणारा उरतो, म्हणून या प्रस्तावनेत मी तिच्यासाठी तो वापरला नाही. कोर्टात उभी राहून बोट दाखवणारी बाई, म्हणजे साक्षीदार, हेच तिने स्वतःसाठी निवडलेलं काम आहे.

अशी साक्ष मराठीला नवी नाही. बेबी कांबळे यांनी आपलं लिखाण वीसेक वर्षं घरात लपवून ठेवलं होतं, आणि ते बाहेर आलं तेव्हा नावातच 'आमुचं' होतं: 'जिणं आमुचं'. एका बाईचा 'मी' सगळ्या वस्तीच्या वतीने कसा बोलतो, हे ज्यांनी त्या पुस्तकात ऐकलं आहे, त्यांना कोचोचा आवाज ओळखीचा वाटेल. नादियाच्या 'मी'मध्येही शाळेच्या वरच्या मजल्यावर बसलेल्या सगळ्या बायका आहेत.

त्या साक्षीची किंमत मात्र फार मोठी. कुर्दांच्या हद्दीत पोचल्यावर तिला आणि त्या तरुणाला अधिकाऱ्यांनी कॅमेऱ्यापुढे बसवलं, चेहरे झाकू म्हणून सांगितलं, आणि चित्रफीत उघड्या चेहऱ्यांनी बाहेर आली. तरुणाचं कुटुंब अजून मोसुलमध्ये होतं. म्हणजे सुटकेनंतर तिच्या शब्दांचा पहिला उपयोग दुसऱ्याच कुणी, स्वतःच्या राजकारणासाठी केला. तरी ती बोलत राहिली. फेब्रुवारी २०१५मध्ये निर्वासितांच्या छावणीत तिने एका बेल्जियन वर्तमानपत्राला 'बसीमा' या खोट्या नावाने मुलाखत दिली. त्याच वर्षी जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने हजाराहून अधिक यझिदी बायका-मुलांना उपचारासाठी आणि राहण्यासाठी नेलं, त्यांत ती गेली. १६ डिसेंबर २०१५ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे ती स्वतःच्या नावाने उभी राहिली. खोट्या नावापासून खऱ्या नावापर्यंतचे ते दहा महिने मला तिच्या आयुष्यातलं सर्वांत कठीण अंतर वाटतात.

वाचून आलेल्या बायकांना घरी घेणार का, हा प्रश्न यझिदी समाजापुढे होताच. त्यांच्या नियमांनुसार धर्माबाहेर गेलेल्याला दार बंद. त्यांचे वृद्ध धर्मगुरू बाबा शेख यांनी जाहीर केलं की या मुली आपल्याच आहेत, त्यांना मानाने घरात घ्या. लालिशच्या 'पांढऱ्या झऱ्या'चं पाणी त्यांच्या डोक्यावर घालून त्यांचं स्वागत झालं. शतकांची रीत एका म्हाताऱ्या माणसाने काही महिन्यांत वाकवली, याचं मोल करावं तितकं थोडं. पण ती रीत एका जागी वाकली नाही. बंदिवासात जन्मलेल्या मुलांना समाजाने स्वीकारलं नाही. २०१९मध्ये त्यांच्या धर्मपरिषदेने स्वीकाराचं निवेदन काढलं आणि थोड्याच दिवसांत, बलात्कारातून झालेली मुलं त्यात येत नाहीत, असा खुलासा केला. इराकचा कायदाही अशा मुलांची नोंद मुसलमान म्हणून करतो. मग आईपुढे दोनच वाटा: मूल सोडून घरी जायचं, किंवा घर सोडून मुलाजवळ राहायचं. फाळणीनंतर दोन्ही देशांनी पळवलेल्या बायका शोधून परत आणल्या तेव्हा आपल्याकडेही कित्येक आया याच जागी उभ्या होत्या, आणि आपल्याही सरकारला आणि घरांना धड उत्तर देता आलं नव्हतं. यझिदी समाजाला नावं ठेवण्याआधी हे आठवावं. पण त्या आयांची बाजू घेतल्यावाचूनही राहू नये. मी ती घेते.

सुरक्षा परिषदेने सप्टेंबर २०१७मध्ये पुरावे गोळा करण्यासाठी तपास पथक नेमलं, ते नादिया आणि तिची वकील अमल क्लूनी यांच्या पाठपुराव्यामुळे. पथकाचं काम सप्टेंबर २०२४मध्ये थांबवण्यात आलं. मार्च २०२१मध्ये इराकने वाचलेल्या यझिदी स्त्रियांसाठी कायदा केला. त्यात मासिक रक्कम, जमीन, शिक्षण आहे, बंदिवासात जन्मलेली मुलं नाहीत. यझिदींवरचा वंशसंहार न्यायालयात पहिल्यांदा सिद्ध झाला तो ३० नोव्हेंबर २०२१ला, इराकपासून दूर, जर्मनीत फ्रँकफर्टमध्ये. पाच वर्षांच्या एका यझिदी मुलीला उन्हात बांधून ठेवून मरू दिलेल्या माणसाला तिथे जन्मठेप झाली. त्या मुलीची आई वाचली होती, आणि साक्ष तिनेच दिली.

सहा हजारांहून अधिक यझिदी पळवले गेले. अडीच हजारांहून जास्त जणांचा अजून पत्ता नाही. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये एक तरुणी गाझामधून सुटून घरी आली. सिंजारमधून नेलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

कोचोचे खड्डे मार्च २०१९मध्ये उघडायला सुरुवात झाली. ६ फेब्रुवारी २०२१ला शंभरहून अधिक पुरुषांचे अवशेष गावात परत आले, पेट्यांवर इराकचा झेंडा, पुढे प्रत्येकाचा फोटो धरलेली बाई. कुठली हाडं कुणाची हे ठरवण्यासाठी जिवंत नातलगाचं रक्त लागतं. काही घरांत असं रक्त द्यायला कुणीच उरलेलं नाही. काहींचे नातलग जर्मनीत आहेत. तिथेही नमुने घेतले गेले. वाचलेली बहीण परक्या देशात बाही वर करून बसते, सुई आत जाते, आणि महिन्यांनी कधीतरी कोचोच्या मातीतल्या एका सांगाड्याला नाव मिळतं.